सगळ्यांची मागितलेली क्षमा

प्रिय झिना,

तुझ्या थोरल्या बहिणीविरुद्ध मला अत्यंत गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तिने माझा संस्कृत कोश धुतला. 'पुसला' हा शब्द मी विचारपूर्वक टाळतो आहे. साबणाच्या पाण्यात बुचकळलेलं फडकं घेऊन तिने दोन्ही खंडांची अंगं चोळली आणि कपड्यांच्या दोरीवर, माझ्या पायमोज्यांशेजारी, त्यांना पालथं टाकलं. ज्या माणसाने तारुण्य ताश्कंदला संस्कृत शिकण्यात घालवलं आणि उरलेलं आयुष्य काराकोलच्या शाळेत भूगोल शिकवण्यात, त्याच्याजवळ विद्वत्तेचा तेवढाच एक पुरावा उरला होता. त्यालाही आता साबणाचा वास येतो. मी निषेध केला. ग्लाशा म्हणाली, "धूळ होती." मी म्हणालो, "ती धूळ माझी होती." ती म्हणाली, "मग अंगणात जा आणि बोलत बस तिच्याशी."

मी अंगणातच आहे. उन्हाळी स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या पोत्यावर कागद ठेवून तुला लिहितो आहे. तुला वाटेल, यात नवल ते काय, गुरुवार जवळ आला आहे. ईस्टरआधीच्या स्वच्छ गुरुवारी घर घासायचं, भल्या पहाटे आंघोळ करायची, मग ईस्टरचा पाव मळायला घ्यायचा, हे तुझ्या आईने तुम्हा दोघींना चालायच्या आधी शिकवलं होतं. पण झिना, यंदा हा गुरुवार उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. पडदे धुऊन झाले, पुन्हा धुऊन झाले. अंडी रंगवायला हिवाळाभर साठवलेली कांद्याची सालंसुद्धा तिने पाण्यातून काढली. शेजारची बेर्मेत काल कुंपणावरून डोकावून म्हणाली, "मास्तर, तुमच्या घरात सगळंच वाळत घातलंय. तुम्हाला कधी टांगणार?" मी म्हटलं, रांगेत उभा आहे.

बेर्मेतवरून आठवलं, तिची एक तक्रार तुझ्याकडे पोचवायची आहे. क्षमेच्या रविवारी तू फोनवरून जे चित्र पाठवलंस, ते तिलाही आलं. लांब पापण्यांचं कोकरू, भोवती चमचमणारे गुलाब आणि खाली 'जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा.' ती फोन घेऊन धावत आली. "तुमच्या मेहुणीने माझी माफी मागितलीये! काय केलं होतं तिने माझं?" बिचारी मुसलमान बाई, आपल्याकडे उपवासाला बसण्याआधी सगळे सगळ्यांची क्षमा मागतात हे तिला इतक्या वर्षांच्या शेजारातून माहीत आहे, पण आपलं नाव त्या यादीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. बराच विचार करून तिने तुला उत्तर पाठवलं: 'देव क्षमा करेल, पण माझी निळी बादली परत कर.' ती बादली तू आई गेल्यानंतरच्या चाळीसाव्या दिवशी नेली होतीस म्हणे. तेच चित्र माझ्या दंतवैद्यालाही आलं. त्याने क्षमा केली की नाही ते कळलं नाही. दात मात्र त्याने रागातच काढला.

हसतेस ना? हस. तू हसलीस की तुझ्या गालाला पडते ती खळी मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून आहे. तू कुंपणावर बसून जर्दाळू खात होतीस आणि मी नवा शर्ट घालून ग्लाशाला भेटायला आलो होतो. बी माझ्या बुटावर नेम धरून थुंकलीस आणि म्हणालीस, "दादा, तिला काहीही विचारा, पण तुमच्या नाकाबद्दल विचारू नका. ती खरं सांगेल." इतक्या शहाण्या सल्ल्यानंतर मला विचारल्यावाचून राहवलं नाही. ग्लाशाने माझ्याकडे नीट पाहिलं, घाई केली नाही, आणि म्हणाली, "मोठं आहे. चेहऱ्याला शोभतं असं म्हणता येणार नाही. पण मला बघायला आवडतं." मी घरी गेलो आणि माझ्या आईला सांगितलं, की लग्न करीन तर हिच्याशीच. स्तुती करणाऱ्या मुली ताश्कंदला पुष्कळ होत्या. जिच्या स्तुतीवर विसंबता येईल अशी ही एकच भेटली.

तर त्या क्षमेच्या रविवारी संध्याकाळी काय झालं ते सांगतो. चर्चमध्ये सगळे रांगेने एकमेकांपुढे वाकले. ग्लाशा प्रत्येकापुढे वाकली, आणि प्रत्येकाला "देव क्षमा करेल, मीही केली" असं म्हणाली. मेणबत्त्या विकणाऱ्या अंतोनिनालासुद्धा म्हणाली, जी लहान मुलांच्या अंगावर बोक्यासारखी फिस्कारते. ग्लाशा म्हणते तेव्हा ते मनात असतंच, तुला माहीत आहे. घरी आलो, चहा ओतला, आणि तुझं कोकरू आलं. तिने ते पाहिलं. काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. चहा थंड झाला. मी म्हटलं, "झिनाने क्षमा मागितली आहे, उत्तर दे की." ती म्हणाली, "माझी नाही मागितली. सगळ्यांची मागितली." मी तर्कशास्त्र काढलं, "सगळ्यांत तूही येतेसच." त्यावर ती म्हणाली, "पाऊस सगळ्यांवर पडतो, आर्सेनी. म्हणून त्याने मला हाक मारली असं होत नाही." माझी सगळी विद्या त्या वाक्यापुढे दोरीवर वाळत पडली.

पुढच्या शनिवारी ती प्रसाद घेण्याआधीच्या पापनिवेदनाला गेली. तिने काय सांगितलं हे मला ठाऊक असू नये, पण फादर विसारिओनचा उजवा कान गेल्यापासून आमच्या गावात पापं गुपित राहत नाहीत. ती म्हणाली, "मी बहिणीला क्षमा केलेली नाही." फादरनी विचारलं, "करायची इच्छा आहे?" "आहे. होत नाही." "इच्छा आहे तेवढी पुरे, लेकी. ये प्याल्याकडे." आणि तुझी बहीण मोठ्याने, त्यांना ऐकू जावं म्हणून, म्हणाली, "इच्छा म्हणजे क्षमा नव्हे, फादर. तिथे जाऊन मी आहे त्याहून बरी दिसणार नाही." तेव्हापासून सगळे छातीवर हात आडवे धरून प्याल्यातला प्रसाद घ्यायला पुढे जातात आणि ती मागे शेगडीपाशी भिंतीला टेकून उभी राहते. अंतोनिनाने तिला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, म्हणून टाकायचं! मी दर वर्षी सुनेला क्षमा करते, आणि सोमवारी दोघी पुन्हा सुरू." ग्लाशा हसली. शेगडीपासून मात्र हलली नाही.

आता तू विचारशील, मी एवढं केलं तरी काय? मला खात्री आहे, तुला खरंच आठवत नसेल. आईच्या चाळीसाव्या दिवसाचं जेवण होतं. तू अल्माटीहून रात्रभर बसमध्ये बसून आली होतीस. घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाल्यामुळे आईच्या जाण्याच्या वेळी तू पोचू शकली नव्हतीस, आणि ते दुःख तुझ्या तोंडावर कच्च्या जखमेसारखं होतं. आईची रुमालांची पेटी काढायला तू तिचा पलंग ओढलास. खाली धूळ होती, चांगली बोटभर. तू तशीच बाहेर आलीस आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत म्हणालीस, "माझी आई उकिरड्यात मेली." बेर्मेतने पटकन काहीतरी वाढायला घेतलं. ग्लाशाने उठून झाडू आणला, आणि पाहुण्यांदेखत, जेवणं चालू असताना, पलंगाखालचा केर काढला.

जे ती बोलली नाही ते मी सांगतो. तिने मला सांगू नको असं म्हटलेलं नाही. मी कधी विचारलंच नाही. आईचं शेवटी हाडन् हाड दुखत होतं. पलंगाला नुसता धक्का लागला तरी त्या किंचाळायच्या. एकदा ग्लाशाने खाली झाडू घातला, तो पलंगाच्या पायाला लागला, आणि आई लहान मुलीसारख्या रडल्या. त्यानंतर तिने, आई गेल्यावरही, पलंगाखाली हात घातला नाही. जमिनीचा बाकीचा तुकडा गुडघ्यावर बसून पुसायची, आणि पलंगापाशी आली की श्वास रोखून मागे फिरायची. मीसुद्धा त्या खोलीत मोज्यांनी चालायचो. तुझ्या बहिणीला, जी माझ्या कोशावरची धूळ सोसत नाही, ती धूळ रोज दिसत होती झिना. तिने ती आईसाठी राहू दिली होती.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. दुःखात माणूस हाताशी येईल ते फेकतं. तुझ्या हाताशी ते वाक्य आलं. आणि तू वाईट असतीस तर हे पत्र लिहिण्याचे कष्ट मी घेतले नसते. फोन केला नाही, कारण घरात कुठेही बोललं तरी ती ऐकते. आणि खरं सांगायचं तर, फोनवर लिहून पाठवलं असतं तर तू मला गुलाब पाठवले असतेस. बेर्मेतचा जावई उद्या गाडी घेऊन अल्माटीला निघतो आहे. तो हे तुझ्या हातात देईल. बादली त्याच्याजवळ दे.

आज ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. चर्चमधून वाळुंजाच्या कळ्यांच्या फांद्या घेऊन घरी आलो, उपवासाला सूट म्हणून मासा तळला. जेवताना ग्लाशा अचानक म्हणाली, "गुरुवारी मी तुझ्याबरोबर प्याल्याकडे येईन. म्हणेन, क्षमा केली. तोंडाने म्हणायला काय लागतं?" दात काढून घ्यायला निघालेलं माणूस ज्या सुरात बोलतं, तो सूर होता. मी विचारलं, "केलीस का?" तिने माशाचा काटा काढून माझ्या ताटात चांगला तुकडा ठेवला आणि म्हणाली, "तू एकटा पुढे जातोस तेव्हा तुझी पाठ मला बघवत नाही." बाकी कुणी हे ऐकलं असतं तर आनंदाने तिला मिठी मारली असती. मी मान हलवली आणि मासा गिळला. कसा होता, सांगता येणार नाही.

झिना, तिने क्षमा करावी म्हणून मी हे लिहीत नाही. ते तिचं आणि देवाचं. तू तिला फोन कर. चित्र नको, 'जाणता-अजाणता' नको. पलंगाचं नाव घे, धुळीचं नाव घे. ती कदाचित फोन ठेवून देईल. कदाचित म्हणेल, अजून होत नाही. तसं म्हणाली आणि गुरुवारी पुन्हा शेगडीपाशी उभी राहिली, तर मी तिच्या शेजारी उभा राहीन, आणि मला काही कमी वाटणार नाही. पण ती माझ्यावरच्या मायेने तिथे खोटं बोलायला निघाली आहे. मी तसा डळमळीत माणूस. देव आहे का, याबद्दल मला अधूनमधून शंका येते. ग्लाशा खरं बोलते, याबद्दल कधी आली नाही. लग्न झाल्यापासून, हा उपवासकाळ सोडला तर, मी प्याल्याकडे तिच्या मागोमाग जात आलो आहे, आणि पोचतो तो तिच्याच भरवशावर. गुरुवारी ती मनात नसलेलं बोलून पुढे गेली, तर तिच्या मागे मी कसा जाऊ, हे मला कळत नाही. मला फार भीती वाटते आहे.

तुझाच भावोजी,
आर्सेनी