आईच्या गॅलरीच्या सळ्या

तीर्थरूप बाबांना, दुरूनच वाकून नमस्कार.

काळजी नसावी. शिकवणी मिळाली. घरमालकिणीचे दीर आयुष्यभर बांधकामावर इंजिनिअर होते, ते शिकवतात. चिडले की म्हणतात, "पोरी, तुझी इमारत पडायला वाऱ्याचीही गरज नाही!" राहिलेला विषय या खेपेला सुटेल असं वाटतं. जेवण वेळेवर होतं.

परवा ते म्हणाले, ओळखीची एखादी गॅलरी काढ. मी आपलीच काढली. तुम्ही हौसेने आईसाठी बांधलेली, खाली एकही खांब नसलेली. सळ्या तुम्ही स्लॅबच्या तळाशी बांधल्या होत्या, मला आठवतं. तार मीच हातात देत होते.

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाले, अशी अधांतरी गॅलरी वरच्या बाजूने ताणली जाते, म्हणून सळ्या वर लागतात. या वेळी ते चिडले नाहीत. हळूच विचारलं, "इथे कोण बसतं?"

आईला लगेच फोन केला, तर हसली. "इतकी वर्षं उभी आहे, आता तुझी शिकवणी लागली म्हणून पडणार होय?" वर म्हणाली, गॅलरीत भिंतीलगत जमिनीला बारीक चीर गेलीय, त्यातून मुंग्या निघतात. तुम्हाला द्यायच्या आधीच तिने फोन ठेवला. नंतर लागतच नाही.

बाबा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा आपल्याला सांगणारं कोण होतं? पण पत्र हातात पडताच गॅलरीच्या दाराला कुलूप लावा. आधी आईला आत घ्या. ऐकत नसेल, तर खुर्चीसकट ओढा.

तुमच्या फोनची वाट पाहणारी,
धाकटी