आठ नंबरच्या खुर्चीतले साहेब

सोमवार, १० फेब्रुवारी

पोचलो. घरून, ग्रँट्सहून लॉफ्लिन – सहा तास, आणि नवऱ्याची, वेंडेलची, एकूण वाक्यं चार. पेट्रोल भरतो. हा ट्रकवाला बघ कसा चालवतोय. तुला काही खायचंय? आलो.

तेच हॉटेल, तीच नदीकडची खोली, फेब्रुवारीतला तोच आठवडा. सत्तावीस वर्षं! लोक सुट्टीत समुद्रावर जातात, आम्ही कॅसिनोत दोन-चार डॉलरच्या टेबलावर पोकर खेळायला येतो. त्यात कोणाचं दिवाळं निघत नाही आणि कोणी बंगलाही बांधत नाही. गुडघेदुखीवाली माणसं दिवसभर बसायला मऊ खुर्ची मिळते म्हणून येतात.

इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कच खाणार नाही. अल्बुकर्कीला बहिणीच्या गल्लीत मी एक जागा भाड्याने घेतली आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर. एक मार्चपासून. वेंडेलला माहीत नाही. रविवारी परत निघायच्या आत त्याला सांगायचं आहे.

भांडण नाही. दारू नाही. दुसरं कोणी नाही – ना त्याचं, ना माझं. दमले आहे, बास. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण केलं, त्याने एवढी दमले नाही. घरी एका माणसाच्या समोर बसून जेवून दमले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी नऊला टेबलावर. मी चार नंबरच्या खुर्चीत, वेंडेल समोर आठ नंबरला. त्याने मान लववली. "नमस्कार बाई." मी म्हटलं, "नमस्कार साहेब."

ही त्याचीच रीत. पहिल्यांदा असे खेळायला बसलो तेव्हा लग्नाला बारा वर्षं झाली होती. एका डावात वेंडेलकडे तीन अठ्ठ्या होत्या, समोर फक्त मी उरले होते, आणि याने पैसे वाढवलेच नाहीत. वर हसून मला पानं दाखवली. तिथला देखरेखीचा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "नवरा-बायको आहात ना? बायकोला सोडायचं असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. ही लबाडी होते." वेंडेलने जन्मात कधी लाल सिग्नल तोडलेला नाही. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तेव्हापासून नियम – टेबलावर आपण एकमेकांना ओळखत नाही. आणि एकमेकांना सोडायचं नाही. लावायचं ते पूर्ण लावायचं.

मला राग कशाचा येतो सांगू? घरी मुका असलेला हा माणूस टेबलावर बोलतो! शेजारच्या निवृत्त दंतवैद्याला आज त्याने तळ्यावर उतरलेल्या बदकांची गोष्ट सांगितली. चांगली अर्धा तास. ती बदकं मला माहीतच नव्हती.

माझ्या डाव्या हाताला एक टेक्ससची म्हातारी आहे, बर्नाडीन. वय एक्याऐंशी, डोक्यावर उन्हाची गुलाबी टोपी, बोटात चार अंगठ्या. बसल्या बसल्या चौकशी सुरू. "पोरी, घरी कोण कोण?"

"नवरा आहे."

"मग आणला नाहीस?"

मी म्हटलं, "असला काय, नसला काय, सारखंच." तोंडातून निघून गेलं. समोर वेंडेल चिपा, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, एकावर एक रचत होता. रचतच राहिला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लग्नाचा वाढदिवस. एकोणचाळीस. नाश्त्याला त्याने माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली सगळ्यात मोठी स्ट्रॉबेरी ठेवली आणि पेपर उघडला. आज सांगणार होते. वाढदिवसाला कसं सांगायचं? राहिलं.

बर्नाडीन आज सुटलीच. "बोलत नाही म्हणजे काय गं? रुसतो?"

"रुसला असता तर बरं झालं असतं. समजूत तरी काढता आली असती. संध्याकाळी येतो, बूट काढतो, हीटरचा आवाज ऐकत बसतो. लोकांचे हीटर दुरुस्त करण्यात जन्म गेला, आता घरच्याचा आवाज ऐकतो. मी समोर असते."

"मग तू बोल."

"बोलले ना. वीस वर्षं बोलले. भिंतीशी बोलून घसा बसतो."

पत्ते वाटणारी रोवेना म्हणाली, "बाई, तुमची पाळी." मी न बघताच पानं टाकली. त्यात दोन राजे होते, असं बर्नाडीन म्हणते. तिने माझी पानं बघायला नको होती, पण तिला कोण सांगणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज नाही सांगितलं. डोकं दुखत होतं. खरं कारण ते नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रेमाचा दिवस म्हणून कॅसिनोवाल्यांनी सगळ्या बायकांना एकेक कार्नेशनचं फूल वाटलं. बर्नाडीनने दोन घेतली. नवरे दोन झाले, दोघंही गेले, म्हणून दोन.

मग तिने माझ्या दंडाला कोपर मारलं. "तो आठ नंबरवाला बघ. तुझ्याकडेच बघतोय."

"पत्त्यांकडे बघतोय."

"पत्ते एवढे देखणे नसतात पोरी. बरा आहे दिसायला. नखं स्वच्छ आहेत. आणि तू काल खोकलीस तेव्हा पाणी तुझ्याकडे कोणी सरकवलं?"

पाणी त्याने सरकवलं होतं खरं. माझं लक्ष नव्हतं.

"बरं, एक सांग," ती म्हणाली. आवाज चांगला मोठा. म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपण कुजबुजतोय. "तुझ्या मनात आहे तरी काय? काय मिळालं म्हणजे तुझं भागेल?"

चार दिवस ही बाई विचारते आणि मी सांगते. बहिणीलासुद्धा एवढं सांगितलेलं नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं, रविवारनंतर ती कधी दिसणार नाही. म्हटलं, "सकाळी ऊन येईल असं स्वयंपाकघर. आणि आज काय शिजतंय, असं विचारणारं कोणीतरी. नाहीतर मग कोणीच नको. विचारील म्हणून वाट बघणं तरी संपेल."

बर्नाडीनने हातातली पानं खाली ठेवली. मग टेबलापलीकडे वळून म्हणाली, "अहो साहेब! तुमचं लग्न झालंय का?"

वेंडेलने दोन चिपा पुढे सरकवल्या. "झालंय," तो म्हणाला. "या महिनाअखेरीपर्यंत तरी."

टेबल हसलं. दंतवैद्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. मी हसले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याला माहीत आहे.

कधीपासून? कोणी सांगितलं? विचारायला तोंड उघडलं, पण टेबलावर आम्ही परके. जेवायला गेलो तेव्हा पत्त्यांचं टेबल मधे नव्हतं, तर त्याने सूप मागवलं आणि सूपच प्यायला. मीही प्यायले. दोघांनी मिठाची डबी एकमेकांना दिली. एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी मिठाची डबी!

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

दुपारचा डाव. माझ्या हातात नव्वी आणि दश्शी. मधे उघडली ती पानं अठ्ठी, गुलाम, अठ्ठी, मग राणी. म्हणजे अठ्ठीपासून राणीपर्यंत माझी सलग रांग लागली. मी चार डॉलर लावले. सगळ्यांनी पानं टाकली, फक्त आठ नंबरने माझ्याबरोबर लावले. शेवटचं पान दुर्री, कोणाच्याच कामाची नाही. मी पुन्हा चार लावले.

वेंडेलने हातातली पानं बघितली. मग ती सगळ्यांसमोर उघडी करून ठेवली. राणी आणि अठ्ठी! मधल्या पानांबरोबर तीन अठ्ठ्या आणि दोन राण्या – माझ्या रांगेच्या कितीतरी वरचा हात. लहान पोरालाही कळलं असतं. आणि त्याने ती पानं रोवेनाकडे सरकवली. "मी हरलो."

त्याच क्षणी टोपीवाला ट्रक ड्रायव्हर, दोन नंबरचा, उठला. "हे काय चाललंय? हा हिला सोडतोय. पहिल्या दिवसापासून बघतोय मी."

देखरेखीची बाई आली. तिशीतली असेल, चष्मा, गळ्यात ओळखपत्र. सभ्यपणे विचारलं, "साहेब, तुम्ही आणि या बाई एकत्र आहात का?"

वेंडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तावीस वर्षांपूर्वीसारख्याच. आता फक्त पाळ्यांवर पांढरे केस आहेत. तो म्हणाला, "नाही. त्या मला ओळखत नाहीत."

खोटं बोलला असं मला वाटलंच नाही, तेच लागलं. मी त्याला ओळखत नाही. बदकं माहीत नाहीत, पाण्याचा ग्लास दिसत नाही. वीस वर्षं भिंतीशी बोलले म्हणते, पण भिंत कधी ऐकते का, हे बघायला थांबले होते का?

"बाई, तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नवरा आहे माझा."

सगळे बघत राहिले. दंतवैद्याचं तोंड उघडं. रोवेनाने पत्ते खाली ठेवले. फक्त बर्नाडीन आपल्या चिपा शांतपणे पिशवीत भरत होती. आश्चर्य म्हणून नाही तिच्या चेहऱ्यावर.

आम्हाला उठवलं. रागावलं नाही कोणी, पण उठवलं. वेगवेगळ्या टेबलांवर बसा, तेच जुनं वाक्य. मी म्हटलं, आता बसायचंच नाही.

बाहेर गालिचावरून चालताना विचारलं, "का सोडलंस मला? नियम तुझाच ना?"

लिफ्टचं बटण दाबल्यावर म्हणाला, "मला आता तुझ्याविरुद्ध खेळवत नाही."

मी रागावले. खूप रागावले. चार दिवस बर्नाडीनला पोटातलं सांगितलं, हा समोर बसून ऐकत होता, आणि उत्तर म्हणून काय दिलं – चार डॉलरचा डाव! खोलीत येऊन मी बाथरूममध्ये बसून रडले. नळ सोडून. त्याला ऐकू गेलं असेल. आला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

वेंडेल बॅगा गाडीत ठेवायला गेला तेव्हा बर्नाडीन लॉबीत भेटली. तिच्या हातात कागदी कपात कॉफी.

"रागावली आहेस माझ्यावर?" ती म्हणाली.

"तुमच्यावर कशाला?"

"मग रागाव. सोमवारी कॉफीच्या रांगेत तुझा नवरा माझ्यामागे उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही चौकस दिसता. म्हटलं, दिसते नाही, आहेच. मग म्हणाला, माझी बायको उद्या चार नंबरला बसेल. तिच्या शेजारी बसा आणि तिला विचारा. मला विचारता येत नाही. तोंड उघडलं की हीटरचंच बोलणं येतं. तुम्ही विचारा, मी समोर बसून ऐकीन."

मी खांबाला टेकले.

"जागा घेतलीस, हे त्याला जानेवारीतच कळलंय. घरमालकिणीने चौकशीला फोन केला होता, उचलला याने. तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं म्हणे. वेळेवर भाडं देईल, स्वच्छ आहे, कोणाला त्रास नाही. मी त्याला म्हटलं, मूर्खा, तू तिला सांग ना राहा म्हणून. तर म्हणाला, ती का चालली आहे तेच मला कळलेलं नाही, तर राहा कोणत्या तोंडाने म्हणू?"

बर्नाडीनने माझ्या गालाला हात लावला. अंगठ्या गार होत्या. "मी विचारायची ती विचारपूस केली पोरी. पुढची मला जमणार नाही, मला डॅलसची बस आहे."

रविवार, दुपार. फ्लॅगस्टाफ

पेट्रोल पंपावर लिहिते आहे. वेंडेल आत कॉफी आणायला गेला आहे.

किंगमनपर्यंत नेहमीसारखं, एक शब्द नाही. मग मीच सांगितलं – एक मार्चला मी जाणार आहे, नक्की जाणार आहे. त्याने मान हलवली. दोन-तीन मैल गेले. मग त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मधे कोणालाही न घालता विचारलं, "का?"

तेव्हापासून दीडशे मैल सांगते आहे. घरापर्यंत अजून अडीचशे आहेत, आणि माझं अर्धंही झालेलं नाही.