दुसऱ्या पंचाची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
सोलापुरात सकाळी पोहोचले. अक्कलकोट रोडला दानम्मा मावशींच्या घरात वरची खोली मिळाली. स्वच्छ आहे, ऊनही येते. मावशींनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, आणि मी लई वाळलेली आहे असे स्वतःच ठरवून टाकले. काम आवडले. जिल्ह्यातील जुने पोलीस कागद ऑनलाइन संग्रहात चढवले जातात. स्कॅन तपासायचे, नावे आणि तारखा भरायच्या. वरिष्ठ गुरुशांत सर, थट्टेखोर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज १९४१ चे पंचनामे. प्रत्येकावर प्रेत पाहिलेल्या दोन पंचांच्या सह्या असतात. कुंभारी गावच्या एका पंचनाम्यात मान अर्धी तुटलेली, दोन्ही तळवे कापलेले, हत्यार कोयता. पहिला पंच मृत्युंजय. दुसऱ्याची जागा कोरी. संगणक कोरी जागा स्वीकारत नाही, म्हणून तात्पुरते माझे नाव टाकले. ही चूक. सर हसले, म्हणाले, मॅडम, आल्या आल्या साक्षीला उभ्या राहता की काय? माझे नाव पुसून त्यांनी स्वतःचे टाकले, मला कोण विचारतंय म्हणाले, आणि नोंद मंजूर केली. मंजूर नोंद बदलता येत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मृत्युंजय या नावाने शोध घेतला. सहा पंचनामे, सहाही ठिकाणी पहिला पंच तोच. जखमा त्याच. तक्ता केला. एका पंचनाम्यातील दुसरा पंच हाच पुढच्या पंचनाम्यातील मयत आहे. प्रत्येक वेळी. सहाव्याला, म्हणजे कुंभारीच्या, दुसरा पंच कोणी झाला नाही, तिथेच खून थांबले. चौऱ्याऐंशी वर्षे.
ती जागा आम्ही भरली. सरांना तक्ता दाखवला. म्हणाले, तुमी लई विचार करता की.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सकाळी अकराला स्कॅनिंगच्या खोलीचे दार मी उघडले. सर मशीनवर पालथे. मान अर्धी तुटलेली. दोन्ही तळवे काचेवर ठेवलेले, मनगटांपासून वेगळे. रक्ताखालून दिवा सरकत होता. मशीन चालूच होते.
पोलिसांनी पंच मागितले. दारातला धोतर-टोपीतला एक म्हातारा न बोलावता पुढे आला, सही केली. दुसरी सही माझी. वरचे नाव वाचले नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
संग्रहात सातवा पंचनामा आहे. कालचा. माझ्या सहीच्या वर मृत्युंजयची सही. अक्षराचे वळण १९४१ चेच.
ठाण्यात फोन केला. मूळ कागद फाइलमध्येच आहे, कोणी स्कॅन केलेला नाही. म्हाताऱ्याने दिलेल्या पत्त्यावर कुंभारीत घरच नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपार
संग्रहात आठवा पंचनामा. मयत — चेतना, म्हणजे मी. स्थळ — ही खोली. जखमा लिहून झाल्या आहेत. दुसऱ्या पंचाची जागा कोरी.
कडी लावली. पलंग दाराला.

खाली दारात धोतर-टोपीतला कोणी आला आहे. मावशींना विचारतो आहे, वर मुडदा आहे, पंच व्हाल का. मावशी रागावल्या — मुडदा कुटला, वर आमची पोरगी हाय की, चांगली जिती.
तो म्हणतो, बघून तर घ्या.

ओरडले. त्यांना ऐकू जात नाही, त्या म्हणतात, व्हय, चला की, बघते —

जिन्यावर दोघे. काहीतरी भिंतीला घासत येते आहे, लोखंडी

पलंग सरकतो आहे

मावशी, माझे काहीही झालेले दिसले तरी सही करू न