कार्ड परत करण्याआधी वाचावे

मिरकरवाडा, रत्नागिरी
जूनचा पहिला आठवडा

तीर्थरूप आत्मारामकाका,

पायांवर डोकं ठेवून सानिकाचा नमस्कार. (डोकं इथे आणि पाय भांडुपला, तरी नमस्कार पोचला असं समजावं.) गुडघे कसे आहेत? आईने पाठवलेलं तेल लावता, की बाटली काकूंच्या फोटोमागे तशीच ठेवून दिली आहे? इथे सगळे बरे आहेत. मासेमारी बंद झाल्यामुळे बोटी बंदरात बांधल्या आहेत आणि बाबा घरी आहेत. घरी असले की ते कसे वागतात हे त्यांच्या धाकट्या भावाला मी काय सांगू? काल त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. तेव्हापासून आईला हळद सापडत नाही आणि ती बाबांशी बोलत नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की आत्याचा गुरुप्रसाददादा तुमच्याकडे जेवायला आला होता आणि त्याने तुम्हाला सांगितलं की आता विद्यापीठाच्या लायब्ररीत जगातलं सगळं ऑनलाइन मिळतं, सानिकाला तुम्ही मुंबईहून पाठवता त्या झेरॉक्सची गरज उरली नाही. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "मग लायब्ररीचं कार्ड परत करून टाकतो, उगाच कशाला ठेवायचं." हे ऐकलं आणि लगेच कागद घेतला. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव आता, बिल वाढेल" म्हणता (बिल तसं वाढत नाही हे मी पुष्कळदा सांगितलं आहे). म्हणून लिहिते. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कृपा करून कार्ड परत करू नका. गुरुप्रसाददादा खोटं बोललेला नाही. पण तो पुरतं खरंही बोललेला नाही.

झालं असं. गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथपाल शिवलकर मॅडमनी कळवलं की लायब्ररीने काही नवे डेटाबेस आणले आहेत. डेटाबेस म्हणजे, काका, तुम्ही ज्या कपाटांसमोर उभे राहून मासिकांचे गठ्ठे काढता, तशी हजारो कपाटं, पण कंप्युटरच्या आत. नाव टाकलं की लेख समोर. जिने नाहीत, धूळ नाही, "साहेब जेवायला गेलेत" नाही. फक्त ते मेअखेरपर्यंत नमुन्यादाखल होते, पुढे ठेवायचे की नाही ते नंतर ठरणार होतं. सुरुवातीलाच 'अटी मान्य आहेत' असं बटण होतं. सगळे ते न वाचता दाबतात. मी अटी वाचायला बसले. दुपार गेली. मॅडम खुर्चीवरून उठून आल्या आणि म्हणाल्या, "सानिका, आजवर या अटी वाचणारी तू पहिली. त्या लिहिणाऱ्यानेसुद्धा वाचल्या नसतील." तरी मी वाचल्या, आणि एका अटीचा अर्थ नीट न लागूनही बटण दाबलं. पुढचं सगळं त्या अटीने केलं.

घरून लॉगिन करता येतं, म्हणून संध्याकाळी माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसले. (सिग्नल तिथेच येतो.) माझा विषय तुम्हाला ठाऊकच आहे, सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचा बाजार. नुसतं तेवढंच टाकलं तर कुठल्या कुठल्या देशांतल्या मासळीवाल्या बायका समोर आल्या. मी हरखून एकेक लेख वाचायला लागले. तेवढ्यात आई खालची सुकट आवरून वर आली.

"कवापर्यंत हाय ह्या?"

"मेअखेरपर्यंत."

"म्हंजे बोटी बंद होतात तवर. आनि तू आता बसून वाचतेस?"

"वाचायलाच असतं ते, आई."

"वाचायचा पावसात! आता भरून ठेव."

काका, तुम्ही मिरकरवाड्यात वाढलात, तुम्हाला समजावून सांगायला नको. मे महिन्यात ज्या घरात बेगमी होत नाही त्या घराबद्दल चार बायका नळावर काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. लाकडं आत, सोडे आत, बोंबील आत, आमसुलं बरणीत. आईच्या लेखी मे महिन्यात एखादी गोष्ट फुकट मिळत असेल आणि ती भरून ठेवली नाही, तर तो आळस. मला ते इतकं स्वाभाविक वाटलं की आपण काही विचारायला हवं हे डोक्यातही आलं नाही. मी म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर शिक्का पडला नसेल तरी ते दुसऱ्यांदा न वापरणारी मुलगी. पण बेगमीत कसलं पाप?

मी भरायला लागले. पण मी प्रत्येक लेखाचा सारांश वाचून मग उतरवून घेत होते. आईला ते बघवेना. "सर बाजूला," म्हणाली आणि माऊस हातात घेतला. काका, आईने आयुष्यात पाटी धरलेली नाही. अक्षर येत नाही. मी तिला फक्त दाखवलं की हा खाली जाणारा बाण दाबायचा. चित्रात मासा दिसला की ती बाण दाबायची, नाही दिसला की पुढे. पेडवे, बांगडे, मांदेली, कुठल्याशा समुद्रातले ओळख नसलेले मासे, सगळे भरले. तिला बंदरावर मासळी निवडताना तुम्ही पाहिलंय. तोच हात. मी शेजारी बसून बघत राहिले. मला एका लेखाला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात ती टोपली रिकामी करत होती. खालून बाबांनी दोनदा जेवायला हाक मारली. आई म्हणाली, "थांबा, माल लागलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या विद्यापीठाचा डेटाबेस बंद पडला.

डेटाबेसच्या कंपनीचं पत्र मॅडमकडे आलं. त्यात लिहिलं होतं की अमुक खात्यावरून ज्या वेगाने लेख उतरवले गेले तो वेग माणसाचा असूच शकत नाही, कुणीतरी यंत्र लावलं आहे, खुलासा होईपर्यंत सर्वांचा प्रवेश थांबवत आहोत. (तीच ती अट: एका दमात ढीगभर लेख उतरवू नयेत.) वर्गातल्या एकाचा प्रबंध जमा करायला आठवडा राहिला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझं नाव मागे घ्यायचा अर्ज मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि विद्यापीठ बंद पाडणारीही मीच.

मॅडमनी बोलावलं. आई म्हणाली, मी येते, दाबलंय मी. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने सोड्यांची पुडी घेतली. लायब्ररीत एसी आहे, काका. एसीत सोड्यांचा वास किती लांब जातो याची मला कल्पना नव्हती. अभ्यास करणारे एकेक करून माना वर करायला लागले. आणि दारात आईने चपला काढल्या. तेव्हा मात्र मला रडू आलं, कारण मला तुम्ही आठवलात. मी सातवीत असताना तुम्ही मला मुंबईच्या त्या मोठ्या लायब्ररीत पहिल्यांदा नेलंत आणि दगडी पायरीवर चपला काढल्यात. वॉचमन हसला. तुम्ही म्हणालात, "हसू दे. आत एवढी माणसं वाचतायत, पाय वाजवत कशाला जायचं?" मीही काढल्या होत्या. लादी गार होती. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या नावाचं कार्ड काढलंत, ऑफिसात शिपाई होतात तरी, आणि मला म्हणालात, "हे तुझंच हाय, नाव फक्त माझा."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला विचारलं, "तुम्ही एकट्यांनी केलं हे? हाताने?" आई म्हणाली, "मंग काय पायान?" मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी कंपनीला कळवलं की चौकशी केली असता यंत्र आढळले नाही, विद्यार्थिनीची आई आढळली. कंपनीने दोन-चार दिवसांत प्रवेश परत सुरू केला, जास्तीचे लेख पुसून टाका अशी तंबी दिली, आणि मी ते सगळे पुसले. आई दोन दिवस हळहळली, "सुकवलेला माल टाकलास गो." पण आपल्याला मशीन समजले हे ती नळावर अजून सांगते आहे.

तर डेटाबेस आता कायमचा आला आहे, आणि चांगला आहे. खोटं कशाला बोलू? पण काका, त्याची पानं फार स्वच्छ असतात. तुमच्या झेरॉक्सवर प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा असायचा, पुस्तक उघडं धरलेला, नखासकट. माझ्या मार्गदर्शक सरांनी एकदा विचारलं होतं की हा काळा डाग कसला. तुम्ही लेखाबरोबर वर्गणीचे दर आणि संपादक मंडळही झेरॉक्स करून पाठवायचात, कुणाचं नाव गळू नये म्हणून. पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरकडून मी मारुती मंदिराच्या थांब्यावर पार्सल घ्यायचे. आत खारी बिस्किटं, आणि त्यांचा चुरा पानापानांत. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात 'नीट वाच'. मी नीट वाचायचे, काका. दर पार्सलात एवढंच यायचं, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचली जायची. आता एका संध्याकाळी माळा भरेल एवढं मिळतं आणि 'नीट वाच' असं कुणी म्हणत नाही.

असो. प्रकृतीला जपा. तेल लावा.

तुमची,
सानिका

ता. क. मुख्य काम राहिलंच. डेटाबेसमध्ये जुने अंक नाहीत. रत्नागिरीच्या सुक्या मासळीच्या बाजारावर एक फार जुना लेख आहे, तो तुमच्याच लायब्ररीत आहे. त्याशिवाय माझं पहिलं प्रकरण पुरं होत नाही. अंकाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलं आहे. म्हणून कार्ड परत करू नका.

ता. क. २ : पत्र बंद केल्यावर मन खाऊ लागलं म्हणून परत उघडलं. वरचं सगळं खरं आहे, पण शिवलकर मॅडम म्हणाल्या की तो लेख त्या तुमच्या लायब्ररीतून ईमेलने मागवून देतील, उद्याच येईल. मी त्यांना "नको" म्हटलं.

ता. क. ३ : हे आई सांगते आहे, मी फक्त लिहिते. पार्सल ड्रायव्हरकडे देऊ नका. मांडीवर घेऊन स्वतः या. काकू गेल्यापासून शिमग्यालाही आला नाहीत. ज्याच्यामुळे बाबा डबे लावायचे थांबतील असं एकच माणूस तिला माहीत आहे. बोटी सुरू होईपर्यंत राहायचं आहे, दोघा भावांची बेगमी केलेली आहे.

अंगठा मध्ये आला तरी चालेल. आणाच.