काळी एक

कांडला बंदर,
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय बुवा,

तुमची ती मोठी रेकॉर्ड मला अजून आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं उगाच ताणलंय. त्यात बासरी घालायची अक्कल कुणाची? मुंबईवाल्यांचीच असणार. तुमच्या गाण्यात बासरी म्हणजे ठेच्यावर साखर. आणि त्या कानडी भजनात तुम्ही मधेच श्वासाला थांबता, तेव्हा ऐकणाऱ्यालाच धाप लागते. यावरून आपल्या बाळीवेशीत किती भांडणं झाली ते तुमच्या कानावर आलंच असेल. कल्लप्पाअण्णांच्या हॉटेलात सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणायची, बुवांची सगळ्यात पडेल रेकॉर्ड हीच. दुसरी म्हणायची, पडेल तर पडेल, बुवांची हाय की! म्हणजे तुमच्या बाजूचेसुद्धा एवढंच बोलायचे. आणि पहिल्या पार्टीचा म्होरक्या मी.

आता ओळखलं असेल. हॉटेलाला लागून सायकलचं दुकान, तितं पंक्चर काढणारा बिरप्पा. मंगळवेढ्याकडं बापाची मेंढरं सोडून पळून आलेला. चौथीत शाळा सुटली, नंतर सात ठिकाणी कामं केली, पण वर्षभर कुठं टिकलो नाही. सायकलच्या दुकानात तेवढा टिकलो, ते भिंतीपलीकडून तुमच्या सहा छोट्या रेकॉर्डी दिवसभर ऐकू यायच्या म्हणून. मालकाला हे कधी सांगितलं नाही, नाहीतर पगार कापला असता. हितं कांडल्याला आलो तेव्हा पहिल्या महिन्यातच पळायचं ठरवलं होतं. खताची धूळ, खारा वारा, बोलायला कुणी नाही. एकदा पोती रचताना तुमचं मेंढरं घरी आल्याचं गाणं गुणगुणत होतो, तर थप्पीच्या पलीकडून कुणीतरी पुढची ओळ म्हटली. बघतो तर अक्कलकोटकडचा शिवप्पा. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका चुलीवर भाकरी करतो. चौदा महिने झाले बुवा, घरापासून एवढ्या लांब मी एका जागी आहे. माझ्या आईला हे खरं वाटत नाही. तुमच्या एका ओळीनं मला हितं बांधून ठेवलं, एवढं तुम्हाला कळावं.

पण ज्या दिवसाचं सांगायचंय तो वेगळा. दोन वर्षांमागं मोठी रेकॉर्ड आली तेव्हा कल्लप्पाअण्णांनी तिच्यासाठी रेकॉर्ड वाजवायची नवी पेटी आणली, कारण जुन्या पेटीवर एवढी मोठी तबकडी बसत नव्हती. तुम्हाला मुद्दाम बोलावलं, हार घातला, पहिल्या बाकावर बसवलं. हॉटेल गच्च भरलं होतं. सुई टेकली, आणि पहिल्या गाण्यातच लोक एकमेकांकडं बघायला लागले. आवाज जड, चाल संथ. पहिला बोललो मी. मागून ओरडलो, साकु री बुवा, पुरे आता, घरी बसून नातवंडं खेळवा! सगळे हसले. मला वाटलं तुम्ही चिडाल, शिवी घालाल. तुम्ही उठलात, आपल्या हातानं सुई उचललीत, चहा संपवलात आणि निघून गेलात. मी पैसे द्यायला गल्ल्यावर गेलो तर अण्णा म्हणाले, तुझा चहा बुवांनी दिला. तो चहा मला अजून पचलेला नाही.

आता इथली गोष्ट ऐका. पोती वर चढवायला हितं एक लांब पट्टा आहे, मोटरवर फिरतो. मागच्या उन्हाळ्यात तो घसरायला लागला. मिस्त्री जेवायला गेला होता. मी म्हटलं, हे काम आपल्याला येतं. सायकलची जुनी ट्यूब कापली, मोटरच्या चाकावर घट्ट गुंडाळली, वर पंक्चरचं सोल्यूशन लावलं. पट्टा घसरायचा थांबला, पण असा पळायला लागला की पोती वरून धडाधड खाली आली आणि दोन फुटली. मिस्त्री धावत आला आणि गुजरातीत माझा उद्धार केला. मग शांतपणे समजावलं, अरे, मोटरचं चाक जाड केलंस की पुढचं सगळं जोरात फिरणारच. मी तिथंच खाली बसलो. शिवप्पाला वाटलं ऊन लागलं. बुवा, सात वर्षांमागं कल्लप्पाअण्णांची जुनी पेटी अशीच घसरत होती. रेकॉर्ड रडत रडत फिरायची. तेव्हा मीच आतली मोटर काढून तिच्या दांडीवर ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. रेकॉर्ड झकास वाजायला लागली, अण्णांनी खूश होऊन आठवडाभर फुकट भजी खाऊ घातली.

मिस्त्रीनं सांगितलं की छोट्या रेकॉर्डवर पंचेचाळीस लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. मी अण्णांना पत्र टाकलं, तबकडीवर खडूची खूण करा, घड्याळ लावा, मोजा. त्यांचं उत्तर आलं, पन्नास. सात वर्षं आम्ही तुम्हाला पळवत होतो, आणि फेरे वाढले की आवाजही कोवळा होऊन वर चढतो. मग मी लिहिलं, आता तुमची जुनी रेकॉर्ड नव्या पेटीवर लावून बघा. अण्णा आधी तयार होईनात. घासलेल्या रेकॉर्डीनं नवी सुई खराब होते म्हणून त्यांनी जुनं जुन्यावर आणि नवं नव्यावर असा सोवळा कायदा केला होता ना! शेवटी लावली. तिशीत गायलेलं तुमचं पहिलं गाणं. गिऱ्हाईकं म्हणाली, अण्णा, ह्येबी म्हातारं झालं की! अण्णा लिहितात, मग एकजण म्हणाला, परत लावा. तीन वेळा लावलं. आवाज म्हातारा नव्हता बुवा. आम्ही तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

इथं माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण अण्णांनी पुढं लिहिलंय, त्या दिवशी तुमचे हार्मोनियमवाले सिद्रामप्पा हॉटेलात होते. ते म्हणाले, बुवांची गायची पट्टी काळी एक. पण बाळीवेशीत कार्यक्रम असला की पोरं ओरडायची, रेकॉर्डसारखं म्हणा, रेकॉर्डसारखं! म्हणून बुवा एक सूर वर चढून काळी दोनमध्ये गायचे, माझं ऐकायचे नाहीत, म्हणायचे, माझ्या माणसांना जसं आवडतं तसं. मग घरी जाऊन हळद-दूध घ्यायचे आणि दोन दिवस बोलायचे नाहीत. मोठी रेकॉर्डसुद्धा तुम्ही आमच्यासाठी काळी दोनमध्येच गायलात, शेवटचं एक सोडून. म्हणजे माझ्या ट्यूबच्या तुकड्यानं तुमचा गळा गेला, आणि मग त्या गळ्याला मीच हसलो. ओरडणाऱ्या पोरांत पुढं मीच असायचो, हेही सांगतो, सुटत नाही त्यातून. तरी रेकॉर्ड पडेल आहे हे माझं म्हणणं मी मागं घेत नाही. कोणी पाडली तेवढं आता कळलं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मात्र, नुसता तंबोरा आणि तुम्ही, ते तुमच्या सगळ्या गाण्यांत वर आहे. तेव्हा मी ते ऐकलंच नव्हतं. तुम्ही सुई उचलल्यावर आमच्या पार्टीनं ती बाजू कधी लावूच दिली नाही. परवा अण्णांनी बंदराच्या ऑफिसात ट्रंककॉल लावला आणि फोन पेटीसमोर धरला. तीन मिनिटं. साहेब बघत राहिले, आणि मी उभ्याउभ्या रडलो.

कल्लप्पाअण्णा लिहितात की मी हॉटेलात ओरडलो त्या दिवसापासून तुम्ही कुठंच गायला नाहीत. तुमच्या घरच्या गौरम्माकाकू म्हणतात, घरातसुद्धा नाही. माफी मागायला शब्द लागतात, ते माझ्याकडं चौथीपुरतेच आहेत. म्हणून दुसरं करतो. आपल्याकडच्या गड्ड्याच्या जत्रेला मी सुट्टी काढलीय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, कल्लप्पाअण्णांच्या हॉटेलात, त्याच लोकांपुढं तुमचं गाणं ठेवायचं, काळी एकमध्ये. सिद्रामप्पांना विचारलंय, ते हो म्हणाले. गाण्याआधी ट्यूबचं सगळं मी स्वतः उभा राहून सांगणार, मग हसायचं त्यांनी मला हसावं. अण्णा म्हणाले, नुसतं बोलावून बुवा यायचे नाहीत, रीतीनं गाण्याची सुपारी दे, सुपारी घेतली की गाणारा शब्द मोडत नाही. तर पोस्टमन येईल. मनीऑर्डरवर सही केलीत तर सुपारी घेतली असं धरीन, नाही केलीत तरी तुमचा राग मला कबूल आहे. तुमच्या मानानं रक्कम लहान आहे, पण ही घरापासून लांब, एका जागी टिकून कमावलेली आहे. पाठवतोय एकशे एक रुपये.

तुमचाच,
बिरप्पा