पास्कूच्या लाँचची परीक्षा

८ जानेवारी १८९५
पास्कू डिमेलो आपली वाफेची लाँच विकतो आहे. नजर अधू झाली, म्हणून वसईला लेकीकडे जाऊन राहणार. आमचे इनास रेल्वेचे पेन्शनवाले फिटर. बातमी ऐकल्यापासून जेवणात लक्ष नाही. म्हणतात, जन्मभर कंपनीची इंजिने पुसली, मरण्याआधी एक आपले असावे. मरणाची भाषा माझ्यापुढे चालत नाही. पैसा माझ्या पेटीत, किल्ली माझ्या कमरेला, तेव्हा निर्णय मी करणार. पंधरा दिवसांत.

१० जानेवारी
ठाण्याच्या बंदरावर जाऊन पाहिली. इंजिन एका सिलिंडरचे, माझ्या बाप्तिस्म्याच्याही आधीचे. असली इंजिने आता कोणी बनवत नाही. बनवणारा कारखानाही बुडाला. पास्कूला तसे तोंडावर सुनावले. म्हणाला, बाय, जुनं हाय पन चालतं. लबाड. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आहे, मला असे कोणी गुंडाळू शकत नाही. म्हटले, चालवून दाखव.

१४ जानेवारी
खाडीत एक फेरी. चालली. पण रिकामी लाँच कोणीही चालवील. खरी ट्रायल वजनाची. कल्याणला मावशीकडे आमचे वर्षाचे तांदूळ पडलेच आहेत.

१९ जानेवारी
तांदळाची ट्रायल झाली. पास्कूने दोन पोती स्वतः उचलली, पण कपाळाला आठ्या घालून. वर कोळशाचे पैसे मागतो! विचारले, घोडा विकणारा गिऱ्हाइकाकडून चण्याचे पैसे घेतो का? फावडे उचलून कोळसा टाकू लागला. वहीत मालभाड्यापुढे शून्य लिहिले. अर्थात त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही.

२ फेब्रुवारी
सांत आंतोनला नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली. पास्कूची हाव जावी, मला योग्य बुद्धी व्हावी. मेणबत्ती अर्धीच लावली. संताला ज्योत दिसते, लांबी नाही.
आज डोंबिवलीहून आईचे शिसवी कपाट आणले. मुद्दाम एकाच बाजूला ठेवायला लावले, लाँच कलते का ते पाहायला. कलली. पास्कू ओरडला, बाय, लाँच घ्याची हाय का घर हलवाचं हाय? अशा उद्धट माणसाशी व्यवहार करावा का, हाही प्रश्नच आहे. इनास बॉयलरपाशी काजळीने माखून मोठमोठ्याने गात होते. चारचौघांत! लग्नाला वीस वर्षे झाली, यांना गाता येते हे मला कोणी सांगितले नव्हते.

१७ फेब्रुवारी
पोती एका जागी बसतात, माणसे हलतात. म्हणून जिवंत वजनाची ट्रायल. भाचीचे लग्न कल्याणला होतेच. सगळे वऱ्हाड, बाजेवाले, केक. इंजिनाने वाटेत दोनदा उचकी दिली. इनासनी पाना फिरवला, पुन्हा चालू. पास्कूने वधूला साधा आशीर्वादही दिला नाही, सुकाणू धरून घुम्यासारखा बसला.
नणंद सबीनाही आली होती. ताडीच्या दुकानाच्या कमाईवर हिच्या बोटांत चार अंगठ्या झाल्या. वाटभर शेंगा खात भावाला विचारत होती, हे काय करतं, ते कशाने फिरतं. इनास तिला सगळे समजावत होते. माझ्याशी इतके महिन्यात बोलत नाहीत. रिकामटेकडी बाई.

२५ फेब्रुवारी
धक्के किती बसतात ते पाहण्यासाठी मंगलोरी कौले. सात फुटली. पास्कूकडे भरपाई मागितली. तो हसला. इतक्या दिवसांत प्रथमच हसला. कसलातरी डाव असणार.
संध्याकाळी तेर्सची जपमाळ झाल्यावर इनास म्हणाले, रोझा, पास्कूला उत्तर पाहिजे. हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी परत विचारणार नाही. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मीही मनावर घेतले नाही. म्हटले, अजून सरपणाची ट्रायल राहिली आहे.

२७ फेब्रुवारी
राखेचा बुधवार. उपासाच्या दिवसांत मोठी खरेदी बरी नव्हे. निर्णय ईस्टरनंतर. शनिवारी शहाडहून सरपण मात्र आणायचे. ती खरेदी नव्हे, परीक्षा.

२ मार्च
दोर आणि कोयता घेऊन बंदरावर गेले, तर लाँचमध्ये खुर्ची टाकून सबीना! परवाच घेतली म्हणे. मी म्हटले, न तपासता? तर म्हणाली, अगो वैनी, तपासायची काय ऱ्हायली? तांदूळ, कपाट, वऱ्हाड, कौलं, सगळं तू घालून पाह्यलंस. एवढं सोसून जी बुडली नाय, ती मला पुरे. पास्कूने टोपी काढून माझे आभार मानले. सगळे बंदर हसले.
इनास इंजिनापाशी होते. पगारावर. डोक्यावर नवी टोपी. म्हटले, घरी चला. माझ्याकडे न बघता म्हणाले, लाँच सुटायची वेळ झाली.
सबीनाने माझ्याकडे शहाडचे भाडे मागितले. सरपणाचे वेगळे पडेल म्हणाली. दोर घेऊन परत आले.

५ मार्च
इनास तीन दिवस बहिणीकडेच जेवतात. घरी येतात ते कपडे बदलायला. शीळ घालतात.
सगळ्या बाजूंनी, कोणाबद्दल मनात काही न ठेवता, विचार केला. अखेर आज ठरवले: लाँच घ्यायची नाही. इनासना तसे सांगावे म्हणून लगेच बंदरावर गेले.
सुटली होती.