गोजरच्या परकराचे माप

सापगाव, ता. २ ऑक्टोबर १९४०

ति. दादास,
कमळचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीच्या परकरासाठी गोजरच्या कमरेपासून घोट्यापर्यंतचे दोन दोरे पाठवत आहे. गाठीचा दोरा डाव्या बाजूचा. मामा शिंपी असल्याचा एवढा तरी फायदा! दोन्हीकडे सारखा शिवलास तर डावीकडे जमिनीवर लोळतो.

लहानपणी तिचा निखळलेला खुबा भूल देऊन बसवला आणि महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा वाटले होते सुटलो. पण सांध्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पायाची वाढ अडली. उजवा वाढतोच आहे. गेल्या साली पेरभर असलेला फरक आता दोन बोटे झाला.

परवा हे तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणतात की आखूड पाय वाढवणे हातात नाही. चांगल्या पायाच्या गुडघ्याशी शस्त्रक्रिया करून त्याची वाढ थांबवू, म्हणजे डावा हळूहळू त्याला गाठेल. मात्र पोर वाढतेय तोवरच. माझे मन घेत नाही. तू सांगशील तसे करू.

तुझी,
कमळ


धसई, ता. ९ ऑक्टोबर १९४०

चि. सौ. कमळ हीस सावळारामाचे अनेक आशीर्वाद.

परकर पाठवला आहे. खालची दुमड जास्त ठेवली आहे, उंची वाढली की उसवून घे. बाजाराच्या दिवशी मशीन थांबत नाही, तरी भाचीचे काम आधी केले, हे तिला सांग.

डॉक्टरांचे मला पटत नाही. रोग रेड्याला नि औषध पखालीला! लांब बाही कापून आखूड बाहीशी जुळवणे आम्हा शिंप्यांचे रोजचे काम. पण चूक झाली तर नवे कापड मिळते. एक पाय गेला तो गेला, देवाने दिलेल्या चांगल्या पायाला हात लावू देऊ नका. मेहुणे धर्माजी यांनाही माझे असेच सांग.

गोजरला पापा. मोठी हो म्हणावे.

तुझा दादा


सापगाव, ता. २४ सप्टेंबर १९४२

ति. दादास सा. न.

दोरे सोबत आहेत. जुळवून बघ. तीन बोटांवर गेला फरक. चालताना पोर एका अंगाला झुकते, आणि आता पाठही दुखते म्हणते. परवा मला म्हणाली की मामाला सांग, मला मशीनवर ठेव, बसून काम करनाऱ्याचा पाय कोन बगत नाय. मी हसले आणि आत जाऊन रडले.

हे म्हणतात पुन्हा डॉक्टरांना विचारू. इकडे आड, तिकडे विहीर. रोज तिच्या उजव्या पायाला तेल लावते आणि मनात म्हणते, थांब रे आता. आईने पोरीच्या पायाला असे म्हणावे का?

तुझी,
कमळ


धसई, ता. १ ऑक्टोबर १९४२

चि. सौ. कमळ हीस आशीर्वाद.

दोन्ही दोरे कापायच्या फळीवर शेजारी ठेवले. दुकानात गिऱ्हाईक उभे होते, पण मला कात्री उचलवेना. माझी वाट पाहू नका. दसरा झाला की गोजरला घेऊन जा आणि डॉक्टर म्हणतील ते करा. कात्री चालवणारा मी, मला हे आधी कळायला हवे होते. परकर कापून ठेवला आहे, दुमड तशीच सोडली आहे.

तुझा दादा


सापगाव, ता. २८ ऑक्टोबर १९४२

ति. दादास,
कमळचा सा. न. वि. वि.

जाऊन आलो. डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला, आणि यांना म्हणाले की दोन वर्षांपूर्वी सांगितले तेव्हाच यायला हवे होते. आता तिची वाढ संपत आली. उरलेल्या वाढीत तीन बोटे भरून निघायची नाहीत, चांगला पाय चिरून उपयोग नाही. बुटाला जाड तळ लावायला सांगितले. गोजरने विचारले की झाले का सगळे? यांनी बुटाची चिठ्ठी खिशात घातली आणि तिला उठवले.

तू मनाला लावून घेऊ नको. तू नाही म्हणालास, पण हो म्हणायला आमची तरी जीभ कुठे वळली होती?

आणखी एक. परतल्यावर चारच दिवसांत गोजर शहाणी झाली, पहिल्यांदा बाजूला बसली. वाढ थांबावी म्हणून देवाला किती विनवले, तेव्हा थांबली नाही. आता थांबली.

तेव्हा यंदाचा परकर दुसऱ्या कुणाच्या पोरीला दे. रिवाजाप्रमाणे मामाचे पहिले लुगडे पाठव, हिरवे तिला आवडेल. या पाकिटात दोरे शोधू नको. लुगड्याला माप लागत नाही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
कमळ